लालीबाईची बर्फपेटी

लालीबाई आडेच्या बर्फपेटीला कुलूप नाही, तरी ती उघडायची हिंमत कुणी करत नाही. शिबिराला आलेली चाळीस पोरं करत नाहीत, त्यांचे सर करत नाहीत, आणि एकदा फिरत फिरत तिथे आलेल्या एका मोठ्या साहेबांनी केली तेव्हा त्यांनाही हात मागे घ्यावा लागला. साहेबांना गार पाणी हवं होतं. लालीबाई चुलीपाशी बसली होती, ती उठलीसुद्धा नाही. तिथूनच तिने सांगितलं की ही पेटी दिवसातून तीनदा उघडते, सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला, आणि आत्ता साडेतीन वाजलेत. साहेबांनी निमूटपणे माठातलं पाणी घेतलं आणि दोन पेले प्यायले. माणसाच्या घशाला माठाचं पाणी पुरतं, बर्फ हा दुधा-पनीरासाठी असतो, असं लालीबाईचं मत आहे, आणि तिची मतं बदलायला फारसं कुणी जात नाही.

पेटीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला तारेने बांधलेली एक छोटी काचेची कुपी दिसते. औषधाची, न वापरलेली. पेटीचं कुणी फार कौतुक करायला लागलं की लालीबाई त्याला झाकण उचलून ती कुपी दाखवते आणि म्हणते, हे बी पाहून घे. मग कुपीची गोष्ट सांगते. स्वतःची चूक इतक्या मोठ्या आवाजात सांगणारं माणूस आर्णी तालुक्यात दुसरं नसावं.

तिचं घर आर्णीजवळच्या तांड्यात. वय साठीच्या पुढे. किती पुढे ते आधार कार्ड एक सांगतं आणि ती दुसरं. नवरा देवीलाल याने तीस वर्षं आर्णीच्या आठवडी बाजारात कुल्फी विकली. पहाटे उठून दूध आटवायची ती, वेलची कुटायची ती, साच्यांची झाकणं कणकेने बंद करायची ती, आणि लोक म्हणायचे देवीलालची कुल्फी. याचा राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही. तो फक्त घंटी वाजवायचा, असं ती आजही सांगते. मात्र पेटी त्याने बनवली होती, आणि तिच्यासारखी पेटी पुन्हा होणे नाही, हेही तीच सांगते.

पेटी बाहेरून सागवानी फळ्यांची आहे, आतून जस्ताच्या पत्र्याची, आणि दोहोंच्या मधे चार बोटं जागा सोडून तिच्यात घरच्या शेतातला पिंजलेला कापूस ठासून भरलेला. देवीलाल चौथीपर्यंत शिकलेला, पण त्याचं म्हणणं पक्कं होतं. गोधडी काही ऊब देत नाही, ती आतलं बाहेर जाऊ देत नाही एवढंच. माणसाला गुंडाळलं तर ऊब टिकते, बर्फाला गुंडाळलं तर गारवा टिकतो. हे त्याने बायकोला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी समजावलं, आणि त्यानंतर भर उन्हाळ्यात तांड्यातल्या गोधड्या पेटीवर पडलेल्या पाहून कुणी हसलं तर दोघं मिळून हसणाऱ्याची फिरकी घेत.

पुढे आर्णीत किराणा दुकानागणिक डीप फ्रीझर आला आणि रंगीत कागदातल्या कुल्फ्या आल्या. पाठोपाठ देवीलाल गेला. पेटी अंगणात पडून राहिली. तिच्यात आधी कांदे ठेवले, मग एक कोंबडी अंडी घालायला लागली. लालीबाईने ते चालू दिलं, कारण पेटीकडे पाहिलं की तिला रडू यायचं आणि कोंबडी आत असली की जरा कमी यायचं.

धम्मरत्न सरांच्या निमित्ताने पेटी पुन्हा उभी राहिली. आर्णीच्या एका शाळेत ते विज्ञान शिकवतात. परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये ते नववीच्या पोरापोरींना तीन दिवस केळापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला एका तलावापाशी शिबिराला नेतात. तिथे तंबू ठोकायचे, पक्षी मोजायचे, मातीत उमटलेले पंजे ओळखायचे. वीज नाही, आणि जनरेटर जंगलाच्या कडेला चालत नाही. पहिल्या वर्षी सरांनी यवतमाळहून एक निळी प्लास्टिकची पेटी आणली, तिच्यात बर्फाचे तुकडे भरले, आणि चाळीस पोरांनी ती चाळीसदा उघडून पाहिली. संध्याकाळी कोमट पाण्यात दुधाच्या पिशव्या पोहत होत्या. दुसऱ्या दिवशी दूध फाटलं, पनीर आंबलं, आणि पोरांनी दोन दिवस पिठलं खाल्लं.

त्या पोरांत लालीबाईचा नातू जीवन होता. त्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजी आधी पोट धरून हसली आणि मग चिडली. चांगल्या बर्फाची ही नासाडी तिला बघवेना. आठवडाभराने ती स्वतः शाळेत गेली, सरांना वर्गातून बाहेर बोलावलं आणि विज्ञानाच्या मास्तराला बर्फ कळत नाही म्हणजे कमाल झाली, असं तोंडावर सांगितलं. सर रागावले नाहीत. उलट पुढच्या वर्षी येता का, असं त्यांनी विचारलं. लालीबाईने कोंबडीला दुसरी जागा दिली आणि पेटी घासायला घेतली.

तेव्हापासून दरवर्षी ती शिबिराला जाते. पोरं तिला याडी म्हणतात. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. पेटी भरण्याची तिची रीत ठरलेली आहे आणि त्यात ती कुणाचं ऐकत नाही. आदल्या दिवशी पेटीत थोडा बर्फ टाकून तो नुसता वितळू द्यायचा, म्हणजे पत्रा आणि कापूस आधी गार होतात. तापलेल्या पेटीत चांगला बर्फ घालणं म्हणजे तिच्या मते तापलेल्या तव्यावर लोणी ठेवणं. मग बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी आणायची. तुकडे नाहीत, तुकडे लवकर संपतात, लादी दम धरते. आत जाणारी प्रत्येक वस्तू आधीच गार हवी. तिसऱ्या दिवसाचं तळाशी, पहिल्या दिवसाचं वर. कुठे रिकामी जागा राहू द्यायची नाही, राहिली तर जुनं लुगडं कोंबायचं. पेटी विटांवर ठेवायची, वर तीन गोधड्या, आणि सावली सरकली की पेटीही सरकवायची. एवढं केलं की बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हातही तिसऱ्या दुपारी पेटीत नारळाएवढा बर्फ शिल्लक असतो. तो ती निघताना सगळ्यांना दाखवते. ती तिची फुशारकी आहे आणि ती तिला शोभते.

खाण्याच्या पेटीत मीठ मात्र ती घालत नाही. कुल्फीला घालतात. बर्फावर खडेमीठ टाकलं की बर्फ चावरा होतो, दूध धरून टाकतो, पण मीठ बर्फाला खातंही तितक्याच वेगाने. कुल्फी तासाभरात जमवायची असते म्हणून तिथे चालतं. तीन दिवस टिकवायचं तिथे मिठाचं काम नाही. लालीबाईला हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि तरीही चूक झाली ती मिठाचीच.

त्या वर्षी नववीत मैत्रेयी नावाची मुलगी होती. अंगाने बारीक, प्रश्न विचारण्यात पटाईत. नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून दिवसातून चार वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. ते ती स्वतः घेते, बोलता बोलता, कुणाला कळतही नाही. तिची आई कौसल्या अंगणवाडी चालवते. गावातल्या साऱ्या लेकरांची वजनं ती रजिस्टरात लिहिते आणि एखाद्याचं पाव किलो घटलं तरी त्याच्या घरी जाऊन बसते. अशा आईने आपली मुलगी पाच वर्षांत एक रात्रही नजरेआड होऊ दिली नव्हती. मामाच्या घरी नाही, मैत्रिणीच्या घरीही नाही. मैत्रेयीला शिबिराला जायचं होतं. तिने आईला विनवलं, अबोला धरला, एक दिवस रडली. सर म्हणाले, मी काळजी घेईन, पण औषध गार ठेवावं लागतं आणि तिथे फ्रीज नाही. तिथेच सगळं अडलं.

शेवटी कौसल्या स्वतः तांड्यावर पेटी बघायला आली. लालीबाईने तिला चहा दिला, झाकण उघडून पेटी दाखवली, कापूस दाखवला, देवीलालची सगळी हकीकत सांगितली. कौसल्या ऐकत होती आणि मधे मधे पेटीच्या कडेवरून बोट फिरवून पाहत होती. मग तिने डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. औषध गार राहायला पाहिजे, उन्हात ते मरतं. आणि गोठायलाही नको, गोठलं की गेलं.

लालीबाईने यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं कानावर पडलं, पण ते ऐकावं असं तिला वाटलं नाही. गोठण्याबद्दल आपल्याला कुणी काय सांगायचं, उभा जन्म गोठवण्यात गेला. तिने मान हलवली आणि कौसल्याचा हात हातात घेतला.

“माह्या पेटीत तीन दिवस बर्फ टिकते, तुह्या पोरीचं औषध टिकनार नाही का? शब्द हाय माहा. जाऊ दे तिले.”

कौसल्याने पेटीचं झाकण एकदा स्वतः लावून पाहिलं. मग म्हणाली, बरं.

निघायच्या पहाटे लालीबाईने पेटी भरली, नेहमीसारखीच, फक्त त्या दिवशी तिचा हात जरा जास्तच मायेने चालत होता. मैत्रेयीच्या औषधाच्या दोन कुप्या होत्या. एक चालू, ती दुपारच्या जेवणापर्यंत मुलीजवळ ओल्या फडक्यात राहणार होती. दुसरी नवीकोरी, राखीव. ही राखीव कुपी दुधाच्या पिशव्यांच्या शेजारी ठेवणं लालीबाईच्या जिवावर आलं. लेकराचं औषध आहे, त्याला मानाची जागा हवी. तिने माळ्यावरून देवीलालचा कुल्फीचा स्टीलचा डबा काढला, कुपी त्यात ठेवली, डबा पेटीच्या एका कोपऱ्यात बसवला, भोवती बर्फ फोडून घातला. मग हात आपोआप फडताळाकडे गेला. दोन मुठी खडेमीठ. तिच्या आजोबांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख फिरत. मिठाची मूठ भरायला तिच्या हाताला डोक्याची परवानगी लागत नाही. तीस वर्षं जे केलं तेच तिने केलं, सगळ्यात चांगलं जे येत होतं ते केलं, आणि झाकण लावून त्यावर गोधड्या टाकल्या.

घाटंजीवरून गाडी केळापूरच्या पुढे पोचली तेव्हा दहा वाजले होते. तंबू ठोकून झाले. लालीबाईने विटा मांडून पेटी कडुनिंबाखाली लावली, माठ वाळूत बसवला, चूल पेटवली. मैत्रेयी नव्या जागेवर आलेल्या वासरासारखी हुंदडत होती. दुसऱ्या पहाटे साडेपाचला पक्षी मोजायला जायचं होतं आणि तिला तिच्या गटाचं पुढारपण मिळालं होतं, हे तिने लालीबाईला तासाभरात चारदा सांगितलं.

बाराला पेटी उघडली. जेवणाआधीचं इंजेक्शन घेऊन मैत्रेयी चालू कुपी द्यायला आली आणि देऊन पळालीही. लालीबाईने कोपऱ्यातल्या डब्याचं झाकण काढलं. डब्याच्या आत पांढरं दंव धरलं होतं. तिने राखीव कुपी उचलली, उलटी केली. आतलं औषध हललं नाही. ते घट्ट झालं होतं, कुल्फीसारखं.

तेव्हा कौसल्याचं दुसरं वाक्य तिला ऐकू आलं, आठवड्याने, शब्दन् शब्द.

लालीबाई तिथेच पेटीला टेकून खाली बसली. कुपी तिच्या मुठीत होती. बाहेर त्रेचाळीसचं ऊन, मुठीत अंगाची ऊब. दहा मिनिटांत ते पुन्हा पाणी होणार होतं आणि मग ते गोठलं होतं हे जगात कुणालाही सांगता आलं नसतं. कुणी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, ही गोष्ट तिच्या मनात आली. ती स्वतःच सांगते की आली. आपला शब्द गेला, पेटीचं नाव गेलं, आता ही पेटी परत कोंबडीला, असं सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. पण चालू कुपी संपली किंवा फुटली आणि त्या पोरीने हे मेलेलं औषध भरवशाने टोचून घेतलं तर? लालीबाई उठली. कुपी हातात धरून, पोरं पंगतीला बसली होती तिथे गेली आणि सगळ्यांदेखत बोलली.

“सर, पोरीची दवाई म्या गोठवली. मीठ टाकलं. मले सांगितलं होतं, तरी टाकलं.”

सरांनी कुपी पाहिली आणि लगेच फोन लावला. रेंज तलावाच्या बांधावरच येते, म्हणून ते बांधावर गेले, मागे लालीबाई, मागे मैत्रेयी. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोठलेली कुपी वितळल्यावर चांगली दिसली तरी वापरायची नाही. चालू कुपीत औषध किती आहे? महिनाभराचं होतं. मग घाबरायचं कारण नाही, फक्त ती उन्हात तापू देऊ नका. पंचवीसच्या आसपास राहिली तर उत्तम, तिशीच्या वर जाऊ देऊ नका, आणि बर्फाला टेकवू नका.

सरांचा चेहरा उतरला होता. बर्फाला टेकवायची नाही आणि उन्हात ठेवायची नाही, मग ठेवायची कुठे? ते म्हणाले की उगीच जोखीम नको, आपण मैत्रेयीला आजच घरी पाठवू. मैत्रेयीने लालीबाईकडे पाहिलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. फक्त विचारलं की मग उद्या पक्षी मोजायला माझ्या गटाचं कोण बघणार. लालीबाई सांगते की तो एक प्रश्न तिच्या जिवाला जितका लागला तितकं देवीलाल गेला तेव्हाही लागलं नव्हतं. आणि ऐकणाऱ्याने भुवया उंचावल्या तर ती ते मागे घेत नाही.

“थांबा सर,” ती म्हणाली, “गारवा काय एका बर्फाचाच असते का?”

ती परत माठापाशी आली. आता तिचे हात पुन्हा तिचे झाले होते. माठ नवा होता, छान पाझरत होता. तिने त्याच्याभोवती धोतराचं फडकं गुंडाळून ते भिजवलं, खालची वाळू भिजवली, आणि माठ तंबूच्या सावलीतून काढून जिथे वारा लागतो पण ऊन लागत नाही अशा जागी, पळसाच्या बुंध्याशी बसवला. बर्फ वारा खाऊन मरतो, माठ वाऱ्यावर जगतो, हे तिने सरांना कामाच्या भरात सांगून टाकलं. कुल्फीचा एक पत्र्याचा साचा तिच्याजवळ होता, चमचे ठेवायला आणलेला. तो धुवून पुसला, चालू कुपी त्यात ठेवली, झाकण लावलं आणि फटीवर कणीक थापली, पाण्याचा थेंब आत जायला नको म्हणून. साचा माठातल्या पाण्यात गळ्याशी दोरी बांधून सोडला. सरांकडे प्रयोगाचं थर्मामीटर होतं. तेही पाण्यात सोडलं. बाहेर त्रेचाळीस, माठात सत्तावीस. अर्ध्या तासाने सव्वीस.

मग तिने सरांचा फोन मागितला. सर म्हणाले, मी बोलतो. लालीबाई म्हणाली, शब्द मी दिला होता. बांधावर उभं राहून तिने कौसल्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. मिठाचं सांगितलं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं तेही सांगितलं, माठाचं सांगितलं. मग कौसल्या एवढंच म्हणाली, “मी येऊन राह्यली.”

दुपारभर लालीबाई माठापाशी बसून होती. फडकं वाळू दिलं नाही. मधे उठून तिने पेटीतलं खारं पाणी काढून टाकलं, मीठ लागलेला बर्फ वेगळा केला, आणि उरलेल्या लादीचा अंदाज घेऊन पनीर त्याच संध्याकाळी शिजवायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशीपर्यंत दही आणि दूध टिकेल एवढं बळ लादीत होतं. मैत्रेयी तासातासाला येऊन थर्मामीटर पाहायची आणि पक्ष्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहायची. एक वाजता सव्वीस. दोन वाजता पंचवीस. तीन वाजता पंचवीस. चार वाजता वारा पडला तेव्हा पुन्हा सव्वीस, मग लालीबाईने पदराने वारा घालायला घेतला. पोरं येऊन विचारायची, याडी, मी घालू का? ती कुणालाही हात लावू देत नव्हती.

सूर्य तलावावर टेकला तेव्हा पांढरकवड्याहून एक ऑटो धुरळा उडवत आला आणि त्यातून कौसल्या उतरली. एका हातात थर्मास, त्यात नवी कुपी. खांद्याला रिकामी पिशवी, मुलीचे कपडे भरून न्यायला. सरांना तिने जय भीम केला, मुलीला जवळ घेतलं, तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, बोट टोचून साखर तपासली. साखर ठीक होती. मग ती माठापाशी आली. लालीबाई उठली नाही. तिच्या हातातला पदर चालूच होता.

कौसल्या समोर उकिडवी बसली. तिने माठात हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. मैत्रेयीने वही पुढे केली. जन्मभर रजिस्टरं भरणाऱ्या बाईने ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत. मग वही मिटून मुलीला दिली आणि तिला मैत्रिणींकडे पाठवलं. दोघीच उरल्यावर तिने विचारलं, “मावशी, तुम्ही कायले सांगितलं? कोनाले समजलं नसतं.”

लालीबाईने पदराचा वारा थांबवला. “पोरीच्या अंगाले समजलं असतं,” ती म्हणाली.

तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. माफी फोनवर मागून झाली होती आणि एकच गोष्ट दोनदा मागायची तिला सवय नाही. पलीकडे पोरांचा गलका चालला होता, उद्या कोणी कुठे उभं राहायचं यावरून, आणि त्यात मैत्रेयीचा आवाज सगळ्यांत वर होता. कौसल्या मान वळवून तो ऐकत राहिली. पाच वर्षांत आपल्या मुलीला कुणावर हुकूम सोडताना तिने ऐकलं नसावं.

ऑटोवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. कौसल्याने थर्मास उघडला, नवी कुपी काढली, पदराला पुसली आणि लालीबाईच्या ओल्या तळहातावर ठेवली.

“हे बी ठिवा, मावशी,” ती म्हणाली. “मिठाबिगर.”

मग तिने खांद्यावरची रिकामी पिशवी काढली, तिची नीट घडी करून काखेत मारली, आणि शेवटची बस गाठायला ऑटोकडे चालू लागली.